मॉथ घेऊ, वॅस्प घेऊ की फॉइलवाला बोर्ड?

मॉथ आणि वॅस्प या एकट्याने चालवायच्या छोट्या शिडाच्या बोटी, आणि फॉइल म्हणजे पाण्याखालचा पंख, जो वेग आला की बोट किंवा बोर्ड पाण्याबाहेर उचलतो. गेल्या महिन्यात हा प्रश्न मला दोनदा आला. एकदा गोव्यातल्या मावसभावाने विचारला आणि एकदा इथल्याच, म्हणजे पर्थच्या, एका मराठी मित्राने. दोघंही लेझर, म्हणजे फॉइल नसलेली एकट्याची छोटी शिडाची बोट, व्यवस्थित चालवतात, दोघांना आता फॉइलवर रेस करायचीये, आणि दोघांकडे पैसे एकदाच घालण्यापुरते आहेत, म्हणजे घेतलेली वस्तू नाही पटली तरी दोन-तीन सीझन तिच्यावरच काढावे लागणार. मी स्वतः चार सीझन मॉथ चालवली, मग विकली, आता वॅस्पवर तिसरा सीझन चालू आहे. मधे एक अख्खा उन्हाळा मित्राच्या आयक्यूफॉइलवर, म्हणजे फॉइलवाल्या विंडसर्फिंग बोर्डवर घातला, विंग (फॉइलचा बोर्ड आणि हातात धरायचं हवा भरलेलं शीड) अजूनही करतो, काइट (बोर्डला ओढणारा मोठा पतंग) शिकलो आणि सोडला. त्यामुळे जे लिहितोय ते स्वतः करून बघितलेलं आहे, पण ते एका माणसाचं, एका नदीवरचं आणि 68 किलो वजनाचं आहे हे लक्षात ठेवून वाचा, तुमचं वजन आणि तुमचं पाणी वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

फॉइलने बोट का उचलली जाते, टी फॉइल कसा दिसतो वगैरे तुम्हाला माहिती आहे असं धरतो. 2013 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिका कपमधे त्या 72 फुटी कॅटमरान पाण्याबाहेर येऊन धावल्या, अमेरिकेची ऑरेकल टीम 1-8 ने मागे होती आणि 9-8 ने जिंकली, ते बघून आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे वेड लागलं, मलाही तेव्हाच लागलं. पण त्या बोटीवर अकरा माणसं होती आणि किनाऱ्यावर तिला सांभाळायला अख्खी फौज. आपण एकटे असतो. शनिवारी दुपारी एकटेच गाडीवरून उतरवतो, एकटेच बांधतो, एकटेच पाण्यात नेतो. माझा निर्णय शेवटी या 'एकटेच पाण्यात नेतो' वरच ठरला, ते पुढे सविस्तर सांगतो.

आधी बोट की बोर्ड हे ठरवा, कुठली ते नंतर. मॉथ आणि वॅस्पमधे उंची सांभाळायला यंत्रणा आहे. पुढच्या टोकाला वाँड नावाची बारीक काठी लटकते, ती पाण्यावर घासत चालते, बोट खाली बसली की पाणी तिला मागे ढकलतं, त्या हालचालीने मुख्य फॉइलचा फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, खाली होतो आणि बोट उचलली जाते, फार वर गेली की वाँड खाली लोंबते आणि फ्लॅप उलटा फिरतो. म्हणजे तुम्ही मान वर करून वारा बघू शकता, बाकीच्या बोटी बघू शकता, उंचीचं काम चालू असतं. बोर्डला असलं काही नाही. आयक्यूफॉइल असो, काइट असो की विंग, उंची तुमच्या पायांत असते, पुढच्या पायावर भार टाकला की बोर्ड खाली, मागच्या पायावर टाकला की वर, आणि जास्त वर गेलात तर फॉइल पाण्याबाहेर येऊन हवा ओढतो, उचल एका क्षणात जाते आणि तुम्ही तोंडावर पडता. सायकलसारखं ते नंतर अंगात भिनतं, पण माझे पहिले दोन महिने सगळं लक्ष घोट्यांत होतं, रेसमधे नव्हतंच. ज्यांनी आधी विंडसर्फिंग, सर्फिंग, निदान स्केटबोर्ड तरी केलाय त्यांना बोर्ड पटकन येतो. जे माझ्यासारखे एका हातात टिलर (सुकाणूचा दांडा) आणि एका हातात शीट (शिडाची दोरी) धरून मोठे झाले त्यांना बोट जास्त जवळची वाटते, आणि हे वाटणं वयाच्या चाळिशीत बदलत नाही असा माझा अनुभव आहे.

आता मॉथ. तिच्याबद्दल आधी चांगलं सांगतो कारण ती बोट मला अजूनही मनापासून आवडते. 1928 साली ऑस्ट्रेलियातल्या इन्व्हरलॉकला लेन मॉरिसने एक छोटी होडी बांधली, तिथून या क्लासचा, म्हणजे या प्रकारच्या बोटींचा, धागा सुरू होतो. नियम मोजके, लांबी 3.355 मीटर, रुंदी 2.25 मीटरच्या आत, शिडाचं क्षेत्रफळ ठरलेलं, बाकी तुम्हाला सुचेल ते करा. म्हणूनच फॉइल इथे लवकर रुजले, 2005 ला रोहन वील फॉइलवर वर्ल्ड्स, म्हणजे जागतिक स्पर्धा, जिंकला आणि त्यानंतर फॉइल नसलेल्या बोटीने जिंकायचा विषयच संपला. पुढची नावं बघा, नेथन आउटरिज, पीटर बर्लिंग, पॉल गुडिसन तर 2016 ते 2018 लागोपाठ तीन वेळा, मग टॉम स्लिंग्सबी. अमेरिका कपवाली माणसं सुट्टीत या अकरा फुटी बोटीवर येऊन एकमेकांशी भांडतात. डिसेंबर 2019 ची वर्ल्ड्स इथेच पर्थला माउंट्स बे सेलिंग क्लबला झाली, स्लिंग्सबी जिंकला, मी ती बऱ्यापैकी किनाऱ्यावर उभं राहून बघितली आणि पुढच्या दोन महिन्यांत जुनी मॉथ घरी आणली.

चालवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. वाऱ्याच्या वर, म्हणजे वारा येतो त्या दिशेला, जाताना ती वाऱ्याकडेच कलवून चालवायची असते, आणि लेझरवाल्याला हे अगदी उलटं वाटतं कारण आपल्या हाडात बसलंय की बोट सपाट ठेवायची आणि वाऱ्याकडे कलली म्हणजे आता आपण पाठीवर पडणार. पण एकदा ते जमलं की बोट स्वतःच वाऱ्यात चढायला लागते, फॉइलची उचल थोडी बाजूला काम करते, तुमचं वजन जास्त लांब पडतं, आणि बाकीच्या बोटी हळूहळू खालच्या बाजूला राहत जातात. उचलली की हलवर, म्हणजे बोटीच्या धडावर, पाण्याचं आपटणं थांबतं आणि फक्त फॉइलची एक बारीक गुणगुण ऐकू येते, तानपुऱ्याची एकच तार कुणी दुसऱ्या खोलीत छेडत असल्यासारखी. या गुणगुणीबद्दल पुढे अजून येणार आहे.

मग विकली का? वेगामुळे नाही, पैशामुळेही नाही, जरी पैसे खूप जातात. पाण्यात न्यायच्या आणि पाण्यातून आणायच्या कामामुळे विकली. हे कुणी मला घ्यायच्या आधी नीट सांगितलं नव्हतं, सगळे वेग सांगत होते, म्हणून मी जरा लांबण लावतो.

मॉथचे फॉइल जवळजवळ मीटरभर खाली असतात आणि ते टी आकाराचे, उभ्या दांड्याच्या टोकाला आडवा पंख, म्हणजे लेझरच्या सेंटरबोर्डच्या फळीसारखे वरून सरकवता येत नाहीत. किनाऱ्यावर बोट आडवी करायची, डोलकाठी आणि शीड जमिनीला टेकलेलं, मग खालच्या बाजूने मुख्य फॉइल बसवायचा, पिन घालायची, फ्लॅपचा दांडा जोडायचा, मग मागचा सुकाण्याचा फॉइल. आता ही बोट उभी करून ट्रॉलीवरून ढकलता येत नाही. विंगच्या, म्हणजे हलच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या बसायच्या पंखांच्या, पाइपाखाली खांदा द्यायचा, तशी आडवीच उचलायची आणि पाण्यात चालत जायचं, छातीइतकं पाणी लागेपर्यंत. मग तिथे उभी करायची आणि त्याच दमात वर चढायचं, कारण हल जेमतेम फूटभर रुंद, थांबलेली मॉथ एक क्षण उभी राहत नाही.

जिथे जेट्टी आहे किंवा किनारा पटकन खोल होतो तिथे हे पाच मिनिटांचं काम आहे. आमची स्वान नदी तशी नाही. माटिल्डा बेच्या आसपास पाणी लांबपर्यंत गुडघ्याएवढंच, मधेच वाळूचे उंचवटे, मधेच खड्डा. आणि इथे भरतीची वाटही बघता येत नाही. आपल्याकडे कोळी तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, पाणी नसेल तर काही तास थांबा, चढतंच. पर्थला भरती-ओहोटीतला फरकच मीटरच्या आत, बहुतेक दिवस एकच भरती, म्हणजे आत्ता उथळ असेल तर चहा पिऊन आलात तरी उथळच. त्यात इथला उन्हाळी दुपारचा वारा, फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात तो. शाळेत भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले ना, त्यातला हा खारा वारा, जमीन तापली की नैर्ऋत्येकडून समुद्रावरचा येतो, जानेवारी-फेब्रुवारीत तीन-चार वाजता 18 ते 20 नॉट सहज. अशा वाऱ्यात खांद्यावर आडवी बोट, शीड पाण्यावर फडफडतंय, पायाखाली काय आहे ते दिसत नाही, आणि तुमच्या डोक्यापासून हातभर अंतरावर कार्बनचा धारदार फॉइल.

तिसऱ्या सीझनमधली फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. रेस चांगली झाली होती, मी माझ्या मानाने खूपच वर आलो होतो, बायको मुलीला घेऊन किनाऱ्यावर उभी होती आणि मुलगी हात हलवत होती. मी पाण्यात उतरलो, बोट आडवी केली, खांद्यावर घेतली, वीसेक पावलं आलो आणि पाय खड्ड्यात गेला. गुडघा वाकला, बोट खाली गेली, मुख्य फॉइलचं टोक तळाला टेकलं आणि खट्ट असा आवाज आला. फार मोठा नाही, पण तो आवाज पोटात जातो. बाहेर आणून हात फिरवला तर मागच्या कडेला नखाएवढा टवका. बस, एवढंच. पुढच्या शनिवारी बोट उचलली गेली आणि मला लगेच कळलं, कारण ती गुणगुण नव्हती, तिच्या जागी शिट्टी होती, वेग वाढला की चढणारी, कानात टोचणारी. इपॉक्सी भरलं, चारशेचा पेपर, मग आठशेचा, कडेवरून हाताचं बोट फिरवत फिरवत तीन संध्याकाळी घासलं तेव्हा शिट्टी गेली, पण मूळचा सूर काही परत आला नाही. त्याच सीझनमधे अजून एकदा तेच झालं, दुसऱ्या फॉइलला.

मी वहीत नोंदी ठेवतो. त्या सीझनच्या 22 शनिवारांपैकी 6 शनिवार मी पाण्यात गेलोच नाही, आणि कारण एकच लिहिलंय, 'मदतीला कोणी नाही'. वारा चांगला होता, बोट तयार होती, मी क्लबमधे उभा होतो. ज्या दिवशी गेलो त्या दिवशीही रेस सुरू व्हायच्या आधी माझा दम निम्मा संपलेला असायचा आणि रेस चालू असताना डोक्यात मागे कुठेतरी परतीचा विचार असायचा, आता बाहेर काढायला कोण भेटेल. तीस नॉटने जाणारी बोट घेऊन माणूस परतीच्या शंभर पावलांची काळजी करत असेल तर काहीतरी चुकतंय, असं मला वाटायला लागलं. तुमच्या क्लबमधे सहा-सात मॉथवाले एकत्र जात असतील, एकमेकांना हात देत असतील, तर हा सगळा परिच्छेद तुम्ही सोडून देऊ शकता, मनापासून सांगतो, मॉथ घ्या.

वॅस्प दिसायला मॉथची बहीणच आहे आणि आहेच तशी, मेलबर्नच्या अँड्र्यू मॅकडूगलने आधी माक टू नावाची गाजलेली मॉथ केली आणि मग 2016 च्या सुमाराला ही आणली, सगळ्यांना एकसारखी, स्वस्त आणि टिकाऊ या हेतूने. माझ्यासाठी तिच्यातली एकच गोष्ट महत्त्वाची. तिचे फॉइल वर ओढता येतात. खालून एकदा बसवले की उभा दांडा डेकमधून वर घ्यायचा, आडवा पंख हलच्या पोटाला येऊन टेकतो, आणि मग बोट उभीच ट्रॉलीवर, सरळ ढकलत पाण्यात. ट्रॉली काढून ठेवायची, विंगला धरून बोट चालवत चालवत खोल पाण्यापर्यंत न्यायची, एखाद्या म्हशीला पाण्यावर न्यावं तशी शांतपणे, आणि खोल आलं की फॉइल खाली ढकलून पिन लावायची. येताना उलट. पहिल्या दिवशी मी एकटा गेलो, एकटा आलो, कुणाला हाक मारली नाही, आणि गाडीत बसल्यावर लक्षात आलं की आज खांदा दुखत नाहीये. गेल्या सीझनच्या नोंदीत 'मदतीला कोणी नाही' हे एकदाही नाही.

दुसरा फरक जो घेताना कळला नव्हता पण आता फार मोठा वाटतो, तिची डोलकाठी बाजूच्या तारांशिवाय उभी राहते. मॉथवर 20 नॉटला नाक पाण्यात घुसलं की माणूस पुढे फेकला जातो आणि वाटेत ती तार येते. मला एकदा दंडावर लागली होती, महिनाभर काळानिळा. वॅस्पवर पडलो तर सरळ पाण्यात पडतो. मुलगी आता तेरा वर्षांची आहे, तिला पुढच्या वर्षी बसवायचा विचार आहे, तेव्हा हे मला वेगापेक्षा जास्त वाटतं. आणि लहान वजनाला लहान शीड मिळतं, 8.2 चौरस मीटरचं मोठं आणि त्याखालची मापं, बोट तीच, त्यामुळे घरात दोघांना एक बोट पुरते.

आता तिचं उणं. ती मॉथपेक्षा जड आहे आणि हे हलक्या वाऱ्यात लपत नाही. माझ्या वजनाला मॉथ सात-आठ नॉट वाऱ्याला उचलायची, वॅस्पला नऊ-दहा तरी लागतो, हे मोजलेलं नाही, अंगाला जाणवलेलं आहे. मॉथ उडत पुढे निघून जाते आणि तुम्ही पाण्यात बसून शीड खेचत पंप मारत असता, त्या वेळी वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. वरचा वेगही कमी. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा आहे, कार्बनच्या पातळ फॉइलची ती धार त्यात नाही, गुणगुणही नाही, जरा जाडा आवाज येतो. ज्याला गॅरेजमधे बसून वाँडची लांबी, गिअरिंग, फॉइलचा कोन यात रमायला आवडतं त्याला वॅस्प बंद पेटीसारखी वाटेल, कारण नियमाने फार काही बदलता येत नाही. मला सुरुवातीला तसंच वाटलं. पण एक सीझन गेल्यावर असं झालं की मी हरलो तर का हरलो ते कळायला लागलं. मॉथवर हरलो की घरी येऊन फॉइल बदलायचा विचार करायचो, इथे सगळ्यांचा फॉइल एकच, म्हणजे माझा टॅक, वाऱ्यासमोरून घेतलेलं वळण, वाईट होता, विषय संपला. शुक्रवारच्या रात्री परत घरच्यांच्या वाट्याला आल्या हेही खरं.

पैशाचं म्हणाल तर आकडे देत नाही, देश बदलला की आयात, वाहतूक, सगळंच बदलतं, पण ढोबळमानाने पुढच्या फळीतल्या एका नव्या मॉथच्या पैशांत दोन नव्या वॅस्प येतात असं मी म्हणेन. जुनी मॉथ स्वस्तात मिळते, पण ती स्वस्त असते कारण तिचे फॉइल दोन पिढ्या मागचे असतात, आणि या क्लासमधे दोन पिढ्या म्हणजे फार झालं.

आयक्यूफॉइल. ऑलिंपिकचं स्वप्न असेल, तुमचं किंवा मुलाचं, तर ही तुलना इथेच थांबवा आणि हा बोर्ड घ्या. पॅरिस 2024 ला आरएसएक्स या फॉइल नसलेल्या बोर्डच्या जागी हाच आला, पुरुषांना 9 चौरस मीटरचं शीड, बायकांना 8 चं, बोर्ड 95 सेंटिमीटर रुंद, सगळ्यांचं सामान एक. 2028 ला लॉस एंजेलिसलाही आहे. रेसचे प्रकार वेगवेगळे, कोर्स, स्लालम, लांब पल्ल्याची मॅरेथॉन, त्यामुळे कंटाळा येत नाही. पॅरिसचा फॉरमॅट मात्र निष्ठुर होता. त्या ऑलिंपिकचं सेलिंग मार्से शहरात झालं, तिथे ब्रिटनच्या एमा विल्सनने सगळा आठवडा बाकीच्यांना मागे टाकलं, थेट फायनलला गेली आणि त्या एका रेसमधे तिसरी आली, सोनं इटलीच्या मार्ता माज्जेत्तीला. ते बघून मला त्या रात्री झोप आली नाही. चांगलं की वाईट ते ज्याने त्याने ठरवावं, मला स्वतःला आठवड्याच्या मेहनतीचं वजन जास्त असायला हवं वाटतं.

पाण्यात न्यायचा प्रश्न इथे निम्माच आहे. मास्ट, म्हणजे फॉइलचा उभा दांडा, 95 सेंटिमीटरचा, म्हणजे खोली तेवढीच लागते, पण बोर्ड उलटा करून फॉइल आकाशाकडे ठेवून एकट्याला नेता येतो, बोटीएवढी कसरत नाही. मग मी का नाही राहिलो? वजन. 9 चं शीड 68 किलोवाल्यासाठी नाही. वारा वाढला की 85-90 किलोचे लोक उभे राहून दाबतात आणि मी शीड उघडं सोडून जीव सांभाळतो. हलक्या वाऱ्यात मी उचलायला पुढे असायला हवा, पण तिथे पंपिंग करावं लागतं, म्हणजे शीड हातांनी सतत खेचत राहायचं, आणि ते विशीतल्या पोरांचं काम आहे, दहा मिनिटांत माझे दंड भरून यायचे. तुम्ही उंच आहात, भारदस्त आहात, जिमला जाता, तर बहुतेक तुम्हाला माझ्या उलट अनुभव येईल.

काइटबद्दल थोडक्यात. रेसिंगमधे वाऱ्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे या यादीत त्याच्याएवढं जलद काही नाही, सिंगापूरच्या मॅक्स मेडरला सतराव्या वर्षी पॅरिसला ब्राँझ मिळालं, तेही 9 ऑगस्टला, त्यांच्या राष्ट्रीय दिनी. पाणी उथळ असलं तरी बोर्ड छोटा, हातात धरून जाता येतं. पण काइट उडवायला आणि उतरवायला दुसरा माणूस लागतो, दोऱ्यांना मोकळी जागा लागते, आणि वारा मधेच मेला की तुम्ही, ओला काइट आणि गुंतलेल्या दोऱ्या असं पोहत यायचं. मॉथमधे ज्या गोष्टीला कंटाळलो तीच इथे वेगळ्या रूपात परत आली, म्हणून सोडला. शिवाय रेससाठी वेगवेगळ्या मापाचे तीन-चार काइट ठेवावे लागतात, एकावर भागत नाही.

विंग सगळ्यात सोपी. हवा भरायची, हातात धरायची, निघायचं, विमानात सामान म्हणून जाते. मी सुट्टीला कुठेही गेलो की तीच नेतो. रेसिंग आहे आणि वाढतंय, पण आमच्याकडे अजून शनिवारी सकाळी भेटणाऱ्या दहा-बारा मित्रांच्या पातळीवर आहे, ज्याला सीझनभराची मालिका, गुण, प्रोटेस्ट (नियमभंगाच्या तक्रारी) हे सगळं हवं त्याला थोडं मोकळं मोकळं वाटेल. शिकायला मात्र अप्रतिम, वॅस्प घेणार असाल तरी आधी महिनाभर विंगवर फॉइल शिका, उचल जाते म्हणजे काय हे स्वस्तात कळतं.

नाक्रा 17 मी जाणूनबुजून यात घेतली नाही. ती दोघांची बोट आहे, एक बाई एक पुरुष, रुग्गेरो टिटा आणि कतेरीना बांती या इटालियन जोडीने टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे सोनं घेतलं. तसा जोडीदार मिळाला असेल तर तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज नाही.

मावसभावाला मात्र मी वेगळं सांगितलं, कारण गोवा-मुंबईचं पाणी वेगळं. मुंबईला उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, ओहोटीला जिथे बोट ठेवली तिथून पाण्यापर्यंत चिखल, म्हणजे मीटरभर खोल फॉइल घेऊन तुम्हाला भरतीच्या आगेमागेच जाता येणार आणि परतही त्याच वेळेत यावं लागणार, वारा राहिला तरी. अशा ठिकाणी वर ओढता येणारा फॉइल ही चैन नाही, गरज आहे. गोव्यात फरक कमी, दोना पावलाच्या बाजूला फेब्रुवारी ते मे दुपारचा वायव्येचा वारा छान असतो, पण जाळी आणि त्यांचे बोये बघून ठेवायला लागतात. आणि प्लास्टिक. एक पिशवी फॉइलला गुंडाळली की बोट ब्रेक लावल्यासारखी खाली बसते. मी दोन वर्षांपूर्वी मुंबईला मित्राच्या विंगवर तासभर गेलो होतो, त्यात तीनदा थांबून पिशवी काढली. विंगवरून खाली उतरून हाताने काढता येते. बोटीवर ती काढायला बोट आडवी करावी लागते. शिवाय त्याच्या आसपास वॅस्पवाला दुसरा कुणी नाही, एकटी बोट घेऊन रेस कुणाशी करणार, आणि पिन तुटली तर पिन परदेशातून. त्यामुळे त्याला म्हटलं आत्ता विंग घे, दोन वर्षं फॉइल अंगात मुरू दे, तोवर चार जण जमले तर एकदम चार वॅस्प मागवा, वाहतूकही वाटली जाईल.

इथल्या मित्राला मी सरळ वॅस्प सांगितली. तरी त्याचं मन मॉथवर आहे हे मला दिसतं, त्याने एक जुनी बघून ठेवलीये, काळ्या रंगाची, सुंदर आहे, फॉइलही बरे आहेत, आणि मी त्याला नको म्हणणार नाही. फक्त एक काम कर म्हटलं. बांबूची एक काठी घे, मीटरवर लाल दोरा बांध, आणि ज्या ठिकाणाहून तू पाण्यात जाणार तिथे पँट दुमडून चालत जा. लाल दोरा बुडेपर्यंत किती पावलं होतात ते मोज, आणि तेवढी पावलं खांद्यावर वजन घेऊन, वारा तोंडावर असताना, संध्याकाळी दमलेला असताना चालायची आहेत असं समज. माझ्या जागेवर ती 140 भरतात. त्याची अजून मोजायची आहेत. या रविवारी जाणार आहोत, मुलगी काठी धरणार आहे.